जांभळीच्या ओंडक्यातला मुराळी

माझ्या सासऱ्यांची सोलापुरात लाकडाची वखार होती, आणि ओंडका पोकळ निघाला की ते जगातल्या यच्चयावत जंगलांना शिव्या देत. बाहेरून भक्कम दिसणारा ओंडका करवतीखाली धरावा आणि आत नुसती पोकळी निघावी, ही त्यांच्या मते जंगलाने ठरवून केलेली लबाडी होती. सत्तरच्या दशकात मी लग्न होऊन त्या घरात आले, त्याच उन्हाळ्यात असा एक जांभळीचा ओंडका निघाला. वखार घराला लागूनच होती, मध्ये फक्त अंगण. सासऱ्यांचा आरडाओरडा स्वयंपाकघरात ऐकू येत होता तोवर मी निवांत होते. तो एकाएकी थांबला, तेव्हा मी हाताचं पीठ झटकून बाहेर धावले.

ओंडक्याच्या पोकळीतून एक कोळी बाहेर आला होता. घराच्या कोपऱ्यात जाळं विणतो तसला नव्हे. पाय पसरले तर माझा तळहात झाकेल एवढा, अंगभर लव आणि करड्या अंगावर झाडाच्या सालीची नक्षी. करवतीवरची माणसं कुंपणापाशी जाऊन उभी होती. माझा नवरा फळ्यांच्या थप्पीवर चढला होता आणि तिथून सगळ्यांना ओरडून सांगत होता, "कुणी जवळ जाऊ नका!" कोणी जाणारच नव्हतं.

मला मात्र त्या कोळ्याला बघून रडू आलं. भीतीने नव्हे, आनंदाने. मी चंदगडच्या बाजूची. आमच्या घरामागच्या जांभळीत असे कोळी राहतात. दिवसा ढोलीत, आणि दिवेलागणीला ढोलीच्या तोंडाशी येऊन बसतात, गावातली म्हातारी माणसं ओट्यावर येऊन बसतात तशी. वडिलांनी लहानपणीच सांगून ठेवलं होतं की त्यांना हात लावायचा नाही, डसले तर माणूस मरत नाही पण हात चांगला ठणकतो. सोलापुरात येऊन मला दोन-अडीच महिने झाले होते. तेवढ्या काळात ओळखीचं असं काही दिसलं असेल तर ते हेच. मी लोणच्याची रिकामी काचेची बरणी आणली, कोळ्यावर उपडी घातली, खालून पुठ्ठा सरकवला आणि बरणी सुलटी केली. 

"ओंडका कुटला रं?" सासऱ्यांनी विचारलं.

"चंदगडचा," थप्पीवरून नवरा म्हणाला.

सासरे बरणीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, आणि पोकळ ओंडक्याचं दुःख विसरून खो खो हसले. "मंग झालंच की! सूनबाईचा मुराळी आला!"

ही थट्टा माझ्या वर्मी लागली. सासुरवाशिणीला माहेरी न्यायला जो माणूस येतो तो मुराळी. भाऊ येतो, चुलतभाऊ येतो, काका-मामा येतात. तो आला की सासर मुलीला पाठवतं. न आला तर नाही. माझ्या सासूबाई ह्या बाबतीत कोर्टापेक्षा कडक होत्या. आणि मला भाऊ नव्हता. आई केव्हाच गेली होती. काका-मामा म्हणावं असं कोणी उरलं नव्हतं. वडील होते, पण त्यांचे गुडघे जिना चढू देत नसत, आणि एस.टी.त बसले की पहिल्या वळणालाच त्यांना उलटी होई. चंदगड ते सोलापूर वळणं किती, ह्याचा विचार करूनच त्यांना मळमळायचं. येत्या नागपंचमीला मला माहेरी जायचं होतं. लग्नानंतरची पहिली पंचमी. वडील एकटे होते, आणि मला त्यांची इतकी आठवण यायची की भाकरी थापताना परातीत पाणी वेगळं घ्यावं लागत नसे.

"ह्यांच्याबरोबर जाऊ का?" असं मी एकदा नवऱ्याकडे बोट दाखवून विचारलं होतं.

"नवऱ्यानं नेऊन सोडली म्हंजी लोक काय म्हंतील?" सासूबाई म्हणाल्या. "टाकली म्हंतील. मूळ आल्याबिगर सून पाठवायची रीत न्हाय आमच्यात."

मूळ म्हणजे माहेराहून न्यायला आलेलं माणूस. तर आता मुराळी आला होता, बरणीत. सासूबाई अंगणात येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, "अय्य शिवने! घरात आणू नका ते जेड." त्या मूळच्या अक्कलकोटकडच्या. घाबरल्या किंवा चिडल्या की कानडीत शिरायच्या. जेड म्हणजे कोळी. पण सासऱ्यांना आपली थट्टा इतकी आवडली होती की ते मोडायला तयार नव्हते. "सुनेच्या म्हायेरचं माणूस दारात आलंय आन तू हाकलतीस?" असं म्हणून त्यांनी बरणी स्वतः उचलून मागच्या खोलीतल्या फळीवर ठेवली. उचलताना धोतराचा सोगा दोन्ही हातांना गुंडाळला होता, हेही सांगायला हवं. मी बरणीत ओंडक्याच्या सालीचा एक उभा तुकडा ठेवला आणि तोंडाला मलमल बांधली. कोळी सालीच्या मागे गेला आणि राहिला.

मग प्रश्न आला जेवणाचा. आमचं घर लिंगायत. घरात अंडंसुद्धा येत नसे. सासूबाईंनी पहिल्या दिवशी दहीभात वाटीत कालवून माझ्या हातात दिला, "घाल त्याला." मी म्हटलं, आत्या, तो दहीभात खात नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी दूध-भाकरी कुस्करून दिली. मी म्हटलं, आत्या, तो झुरळं खातो, जिवंत.

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "माझ्या घरात?"

 शेवटी सासऱ्यांनी निकाल दिला. मोरी घरात मोडत नाही, असं ते म्हणाले. मोरीचं दार अंगणात उघडतं, तिथलं पाणी गटारात जातं, तिथे जे घडेल ते घरात घडलं असं धरता येणार नाही. सासूबाईंना हा निकाल पटला नाही, पण दुसरा सुचलाही नाही. त्या दिवसापासून मी बरणी मोरीत न्यायची, झुरळ सोडायची आणि सासूबाई तेवढा वेळ तोंड भिंतीकडे करून उभ्या राहायच्या. तो खातो असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. "घेतलं का त्यानं?" एवढंच विचारायच्या.

महिनाभरात मात्र फरक पडला. मोरीतली झुरळं कमी झाली, आणि सासूबाईंना झुरळांचा मनापासून तिटकारा. एके दिवशी भिंतीकडे तोंड केलेलं असतानाच त्यांनी पाठीमागे बोट केलं. "तितं बादलीच्या मागं एक हाय. ज्वारीच्या पोत्याखाली बी हाय एक, पर ते घरातलं. ते मी तुला सांगितलं न्हाय." मी त्या पोत्याखालचंही पकडलं. ते घरात पकडलं, मोरीत दिलं. 

कोळ्याचा एक गुण सासूबाईंना विशेष आवडला. बरणीला धक्का लागला की तो पुढचे पाय वर उचलायचा, आणि त्या पायांच्या खालच्या बाजूला पिवळे धमक पट्टे होते. "हळद लागलीया की ग हिला," त्या म्हणाल्या, आणि त्या क्षणापासून कोळी त्यांच्यापुरता बाई झाला. सासऱ्यांना त्यांनी बजावलं, "सवाशीण हाय ती. मुराळी बाई असती का कुटं? उगं थट्टा करू नगा." म्हणजे माझी थट्टेतली आशाही गेली. मी माझ्या परीने वाद घातला की तो बाई असला तर माझी मावशी धरा. सासूबाई म्हणाल्या, "मावशी येकटी येत नसती. संगं बाप्या लागतो."

आषाढात कोळ्याने खाणं सोडलं. मी झुरळ सोडायची, ते बरणीभर फिरायचं, त्याच्या अंगावरूनसुद्धा जायचं. कोळी ढिम्म. सालीच्या मागे जाळ्याची दाट गुंडाळी करून त्यात बसून राहायचा. मला काळजी लागली. सासूबाईंनी मात्र हिशोब केला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"चातुर्मास लागलाय न्हवं?" त्या म्हणाल्या.

"हो."

"मंग. उपास धरलाय तिनं. झुरळ अंगावरनं गेलं तरी घेत न्हाय म्हंजी काय!"

दुपारपर्यंत ही बातमी गल्लीत गेली. संध्याकाळी मिलचा भोंगा झाला आणि बायका आल्या. मांसाहार सोडलेला कोळी बघायला आल्या. मागच्या खोलीत रांग लागली. कोणी जास्वंद आणली, कोणी नुसतीच हात जोडून गेली. शेजारच्या तेलुगू बोलणाऱ्या विणकरीण बाई बराच वेळ बरणीत बघत बसल्या आणि उठताना म्हणाल्या, "जाळं चांगलं घट्ट हाय." ज्या सासूबाईंनी तीन महिन्यांपूर्वी त्याला जेड म्हणून हाकललं होतं, त्याच आता बायकांना सांगत होत्या, "आमच्या घरात आल्यावर सुधारली." मी खोलीच्या दारात उभी राहून ओठ चावत होते. हसू तर येतच होतं, पण त्याहून जास्त हेवा वाटत होता. त्या कोळ्याचं सासर त्याला धार्जिणं निघालं होतं.

आणि पंचमी जवळ येत होती. लाकडाच्या ट्रकवरच्या ड्रायव्हरबरोबर वडिलांचा निरोप आला की एकदा एस.टी. स्टँडपर्यंत जाऊन आलो, गाडी बघूनच पोटात ढवळलं, परत फिरलो, माफ कर. मी न्हाणीघरात जाऊन मनसोक्त रडले. त्याच दिवशी माझ्या नवऱ्याने पिशवी भरली आणि तो टेंभुर्णीला गेला. कशाला, तर तिथे दिलेल्या त्याच्या बहिणीला माहेरी आणायला, मुराळी म्हणून. मी त्याला प्रवासात खायला कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. चटणीत तिखट जरा सढळ हाताने घातलं.

पंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावाचा उपवास करतात. नणंदेने केला, तिला भाऊ होता. मी केला नाही. सासूबाईंनीही केला. त्यांना भाऊ आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्यांच्याकडे कोणी येताना-जाताना मी बघितलं नव्हतं. मी विचारलं, "मामा कुठे असतात?" त्या म्हणाल्या, "हाय कुटंतरी," आणि भगर निवडायला लागल्या.

पंचमीच्या सकाळी मी बरणी बघायला गेले तर नणंद आधीच तिथे उभी होती, आणि तिने किंकाळी फोडली. कोळी पाठीवर उताणा पडला होता. पाय वर, जरासे आकसलेले. हलत नव्हता. सगळे धावत आले. सासूबाईंनी बघितलं आणि खाली बसल्या.

"माझ्या घरात उपाशी मेली," त्या म्हणाल्या. "सवाशीण बाई. मीच घेऊ दिलं न्हाय तिला."

मी सांगायला गेले की मोरीत झुरळं सोडत होते, त्यानेच घेतली नाहीत. त्यांना ऐकायचं नव्हतं. सासरे म्हणाले, "टाकून येतो बाहेर." तेव्हा सासूबाई अशा उठल्या की ते दोन पावलं मागे सरले. "टाकून? चार म्हैने घरात ऱ्हायलेल्याला? माती द्याची तिला. आपल्यासारखी. बसवून." आमच्यात माणूस गेलं की बसवून पुरतात. उताण्या कोळ्याला बसवायचं कसं, हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही. सासऱ्यांनी कुदळ आणली. कुदळ बघून सासूबाई आणखी चिडल्या.

"आज पंचमी हाय! जमीन खणत न्हायत आज!"

तेही खरंच होतं. पंचमीला खणायचं नाही, चिरायचं नाही, तव्यावर भाजायचं नाही. न जाणो, जमिनीतल्या जिवाला लागेल. तेव्हा ठरलं की उद्या सकाळी माती द्यायची. सासूबाईंनी बरणीला विभूती लावली, मलमलीवर एक फूल ठेवलं. पुरणाचे दिंड उकडले गेले, पण कोणाला गोड लागले नाहीत. गल्लीत माहेरवाशिणी झोक्यावर गाणी म्हणत होत्या. मी खिडकी लावून घेतली. मला वाटलं, माझ्या माहेरचं एवढं एक होतं, तेही गेलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सासूबाई ताज्या फुलांची परडी घेऊन मागच्या खोलीत गेल्या. मी त्यांच्या मागे होते. त्या दारातच थांबल्या आणि परडी त्यांच्या हातातून पडली. बरणीत दोन कोळी होते. एक तळाशी, चुरगळलेला, पाय पसरून निपचित. दुसरा सालीवर, कालच्यापेक्षा मोठा, रंग असा झगझगीत की नुकताच न्हाऊन आल्यासारखा.

"न्यायला आलं," सासूबाई अगदी हळू म्हणाल्या. "तिच्या म्हायेरचं आलं ग. मूळ आलं."

मग त्या रडायला लागल्या. मी त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं. कांदा चिरतानासुद्धा त्यांचे डोळे कोरडे असत. "एवड्याशा किड्याला न्यायला कोणतरी येतं," त्या म्हणाल्या, "आन उशिरा का हुईना, येतं. मी हितं आल्यापास्नं दर पंचमीला दारात बसले. भाऊ म्हणायचा, येतो. शेतीचं काम हाय, म्हंजी म्होरल्या साली. आई गेली तवा कळवलंसुदा न्हाय त्यानं. आन मी अजून बी उपास धरते त्याचा."

 मला त्यांच्याजवळ बसायचं होतं आणि मी बसले. पण मला खोटं बोलता येत नाही, तोंडावर दिसतं. म्हणून मी म्हटलं, "आत्या, दुसरा नाही आला. त्याने कात टाकली. तळाशी आहे ती कात आहे. कात टाकायची असली की हे खात नाहीत, वडील सांगायचे. माझ्याच ध्यानात आलं नाही."

मलमल सोडून मी चिमट्याने ती कात बाहेर काढली. पोकळ होती, कांद्याच्या सालीइतकी हलकी. सासूबाईंनी ती उजेडात धरली. आयुष्यभर सापांच्या काती बघितलेली ती बाई, तिला पटायला वेळ लागला नाही. मला वाटलं, आता रागावतील. काल मातीची तयारी केली होती त्याची लाज वाटेल आणि ती माझ्यावर निघेल.

त्यांनी डोळे पुसले. "कात तर कात," त्या म्हणाल्या. "पर मला घडीभर खरंच वाटलं, आलं म्हणून." मग नेहमीच्या आवाजात, "तुझी पिशवी कुटं हाय?"

"कशाला?"

"कशाला म्हंजी? म्हायेरी जायाला. पंचमी गेली तर गेली. श्रावण काय सरला न्हाय."

सासरे दारात उभे होते. ते म्हणाले, "आन मुराळी?"

"सुम्नीरी!" सासूबाई ओरडल्या, म्हणजे गप्प बसा. "मी नेते तिला. बघू कोण काय म्हंतंय."

अशा रीतीने सून माहेरी निघाली, सासू मुराळी. सोलापूरच्या स्टँडवर कंडक्टरने बरणीत काय आहे विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "पाहुणी हाय." त्याने आत बघितलं आणि आमच्या शेजारची सीट कोल्हापूरपर्यंत रिकामी राहिली. दोन तिकिटांत तीन जागा मिळाल्या. कोल्हापुरातून चंदगडच्या गाडीत बसलो तेव्हा सासूबाईंनी बरणी मांडीवर घेतली होती. वळणावळणाला त्या मलमलीवर हात ठेवून म्हणत, "आलं, आलं, जवळ आलं."

वडील ओट्यावर बसले होते. मला बघून ते उठले आणि गुडघे विसरून पायऱ्या उतरले.  मग सासूबाईंकडे वळले. विहीणबाई स्वतः लेकीला घेऊन आल्या, ह्याला काय म्हणायचं हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही आणलंत."

ताई हा शब्द त्यांनी सहज वापरला. सासूबाई पायरीवरच उभ्या राहिल्या, बरणी पोटाशी धरून, आणि त्यांना पुढे येता येईना.

कोळी आम्ही घरामागच्या जांभळीवर सोडला. बरणी आडवी केली, तो बाहेर आला, खोडावरून वर गेला आणि सालीत असा मिसळला की बोट दाखवूनही दिसेना. सासूबाई मला सोडून लगेच परतणार होत्या. त्या श्रावण संपेपर्यंत राहिल्या. माझ्या वडिलांना त्यांनी सोलापुरी चटणी करून घातली, त्यांच्या गुडघ्यांना तेल कोणतं लावावं ह्यावर रोज भांडल्या, आणि निघताना शेजारच्या काकूंनी दोघींची ओटी भरली तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, आपलीही भरतायत हे खरं ना, असं.

पुढच्या वर्षी आषाढ लागला. मी सकाळी चूल पेटवत होते. सासूबाई येऊन शेजारी बसल्या, लाकूड आत सारलं आणि म्हणाल्या, "लाकडाचा ट्रक जाणार असंल तर माझ्या भावाला निरोप दे. म्हणावं, तू येऊ नगस, उलटी व्हती तुला. आमी दोघी येतो."